जुना ड्रायर उष्णता फेकतो, नवा तीच पुन्हा वापरतो

आपल्याकडे ‘ड्रायर’ म्हटलं की बहुतेकांना सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा बाजूचा छोटा टब आठवतो. तो कपडे वाळवत नाही, पिळतो. जोरात गरगरा फिरवून पाणी बाहेर फेकतो, आणि कपडे शेवटी दोरीवरच जातात. इथे विषय वेगळा आहे: ओले कपडे आत टाकले की कपाटात ठेवण्याइतके कोरडे करून देणारं स्वतंत्र मशीन. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या नातेवाइकांच्या घरी ते वॉशिंग मशीनच्या शेजारी बहुधा असतंच. इकडे मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात जून उजाडला, चादरींना कुबट वास येऊ लागला, की त्याची चौकशी सुरू होते.

चौकशीला गेलं की तीन नावं कानावर पडतात: व्हेंटेड, कंडेन्सर आणि हीट पंप. पहिलं सगळ्यात जुनं, शेवटचं सगळ्यात नवं. विक्रेता सांगतो, “हीट पंपच घ्या, निम्म्याहून कमी वीज लागते.” त्याचं म्हणणं खोटं नाही. पण ती वीज वाचते कशी हे एकदा कळलं, तर बाकीचे फरकही आपोआप उलगडतात. नवं मशीन जास्त वेळ का घेतं, त्यात कपडे कमी का झिजतात, ते दुरुस्तीला महाग का पडतं, हे सगळं त्या एकाच गोष्टीतून निघतं. आणि आपल्याला ते परवडतं का, हेही मग स्वतःच ठरवता येतं.

सुरुवात पाण्यापासून करू. कपडा वाळतो म्हणजे त्यातल्या पाण्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते आणि तिचं प्रमाण ठरलेलं आहे: एक लिटर पाण्याला साधारण ०.६५ युनिट विजेइतकी. दोरीवर ही उष्णता ऊन आणि वारा फुकट पुरवतात. मशीनमध्ये ती मीटरवर पडते.

पाच किलो सुक्या कपड्यांचा एक लोड धरा. वॉशिंग मशीनने १००० च्या वेगाने (म्हणजे मिनिटाला हजार फेऱ्या) स्पिन केलं असेल, तर कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६० टक्के पाणी उरतं, म्हणजे तीन लिटर. वेग ८०० असेल तर उरलेलं पाणी ७० टक्क्यांच्या घरात जातं, १४०० असेल तर ५० टक्क्यांपर्यंत उतरतं. तीन लिटरची वाफ करायची तर हिशेबाने दोन युनिट लागायला हवेत. जुना व्हेंटेड ड्रायर त्यासाठी तीन युनिटच्या आसपास वीज खातो.

त्याची रचना अगदी सरळ आहे. खोलीतली हवा आत ओढायची, हीटरच्या कॉइलवरून नेऊन तापवायची, फिरत्या ड्रममधल्या कपड्यांतून काढायची, जाळीतून गाळायची आणि चार इंची पाइपातून घराबाहेर फेकायची. बऱ्याच मशीनमध्ये एकच मोटर ड्रमही फिरवते आणि हवेचा पंखाही. घरगुती इलेक्ट्रिक ड्रायर अमेरिकेत १९३८ च्या सुमारास बाजारात आला. त्यानंतर बटणं बदलली, रंग बदलले, पण ‘हवा तापवा आणि बाहेर सोडा’ ही मूळ कल्पना कित्येक दशकं तशीच राहिली.

या पद्धतीत वाया काय जातं? बाहेर पडणारी हवा अजून चांगली गरम असते, ती उष्णता तर जातेच. पण मोठा तोटा डोळ्यांना दिसत नाही. पाण्याची वाफ करताना जी दोन युनिट उष्णता घातली, ती त्या वाफेत साठून राहिलेली असते. वाफेचं पुन्हा पाणी झालं तर ती जशीच्या तशी परत मिळते. जुन्या ड्रायरमध्ये वाफ पाइपातून निघून जाते आणि तिच्याबरोबर ही सगळी कमाईही.

हीट पंप ड्रायर वाफ बाहेर सोडतच नाही. स्प्लिट एसीचा घरातला भाग आणि गच्चीवरचा भाग एकाच खोक्यात समोरासमोर बसवले तर जे होईल, ते इथे मुद्दाम केलेलं आहे. ड्रममधून आलेली गरम, ओली हवा आधी थंड कॉइलवर जाते. तिथे वाफेचं पाणी होतं, ते खाली गळतं आणि पंपाने टाकीत किंवा ड्रेनच्या पाइपात जातं. वाफेचं पाणी होताना साठलेली उष्णता मोकळी होते आणि कॉइलमधला गॅस ती उचलतो. कॉम्प्रेसर त्या गॅसला दाबतो, गॅस आणखी तापतो आणि दुसऱ्या कॉइलमध्ये जातो. आता कोरडी झालेली तीच हवा या गरम कॉइलवरून जाते, तापते आणि पुन्हा कपड्यांत शिरते. हवा तीच, उष्णताही बरीचशी तीच. बाजूला काढलं जातं ते फक्त पाणी.

म्हणजे इथे विजेचं काम उष्णता तयार करणं हे नाहीच. थंड कॉइलवर जमा झालेली उष्णता गरम कॉइलकडे पोचवणं, एवढंच तिला करायचं असतं, आणि त्याला पुष्कळ कमी वीज लागते. म्हणून आपल्या तीन लिटरला एक ते सव्वा युनिट पुरतं. आकडा पुन्हा पाहा: वाफेच्या हिशेबाने दोन युनिट लागतात, आणि मशीन सव्वा युनिटमध्ये काम उरकतं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी जाहिरातीत आकडे फुगवलेत. तसं नाही. उष्णता लागते ती तेवढीच, पण थोडीशी विकत घेऊन तीच तीच फिरवून वापरली जाते. जुन्या ड्रायरला इथवर कधीच पोचता येणार नाही. हीटर कितीही चांगला केला तरी एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता निघते.

मधला कंडेन्सर ड्रायर लवकर आटोपू. यात हीटर जुनाच, फक्त ओली हवा बाहेर न फेकता खोलीतल्या हवेने थंड करून तिचं पाणी टाकीत साठवतात. पाइपाची आणि भिंतीला भोक पाडायची कटकट वाचते, पण वीज जवळपास व्हेंटेडइतकीच लागते, कारण सुटलेली उष्णता कपड्यांकडे परत न जाता खोलीत जाते. मे महिन्यात हा प्रकार घरात लावून पाहा, मग कळेल. आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या ‘वॉशर-ड्रायर’ मशीनमध्ये बहुतेक हीच जात असते. त्यातल्या अनेक मॉडेलमध्ये वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात, म्हणजे कपडे वाळवतानाही पाणी खर्च होतं. शिवाय आठ किलो धुणारं मशीन एका वेळी आठ किलो वाळवू शकत नाही, पाचच्या आसपास. निम्मे कपडे बाहेर काढून दोन फेऱ्यांत वाळवावे लागतात, हे दुकानात क्वचितच कुणी सांगतं.

आता वेळ. अमेरिकी घरातला जुना ड्रायर पाऊण-एक तासात काम संपवतो, कारण त्याचा हीटर ५ किलोवॅटच्या आसपास असतो. आपल्या बाथरूममधला गीझर साधारण दोन किलोवॅटचा असतो, यावरून अंदाज यावा. (तिकडून कायमचं परत येताना तो ड्रायर कंटेनरमध्ये टाकून आणायचा बेत असेल तर सोडून द्या. त्याची मोटर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झची असते, इथे २३० आणि ५०.) भारतात मिळणारे व्हेंटेड ड्रायर दोन-सव्वादोन किलोवॅटचे असतात, त्यांना दीड-दोन तास लागतात. हीट पंपला भरलेल्या लोडसाठी दोन ते तीन तास द्यावे लागतात. कॉम्प्रेसर आणि त्यातला गॅस यांना फार उंच तापमान झेपत नाही, त्यामुळे हवा ५० अंशांच्या आसपासच ठेवावी लागते. जुन्यात ती ६५-७० अंशांपर्यंत सहज जाते.

ही मंद चाल कपड्यांना मानवते. सुती कपडे आटतात, इलॅस्टिक मरतं, छपाई तडकते, हे सगळं उष्णता आणि आपटणं या दोन्हींनी मिळून होतं. जाळीवर जमणारा करडा, मऊ थर म्हणजे आपल्याच कपड्यांचे झिजलेले धागे असतात. तरीही रेशीम, लोकर, रबर किंवा फोम लावलेलं काहीही नव्या ड्रायरमध्येसुद्धा टाकू नये. पैठणीची तर गोष्टच नको.

कपड्यांचं जास्त नुकसान मात्र वेगळ्याच कारणाने होतं: कपडे वाळल्यानंतरही मशीन चालू राहणं. जुन्या ड्रायरला फक्त फिरवायचं बटण असतं, ४० मिनिटं, ६० मिनिटं. आत काय चाललंय हे त्याला माहीत नसतं. माणूस अंदाजाने दहा-पंधरा मिनिटं जास्तच लावतो आणि टी-शर्ट कडकडीत होऊन बाहेर येतात. नंतरच्या मशीनमध्ये यावर साधा उपाय आला. ड्रमचं दार उघडून आत पाहिलंत तर जाळीजवळ किंवा ड्रमच्या कडेला धातूच्या दोन चकचकीत पट्ट्या दिसतील, बोटभर रुंदीच्या, थोडं अंतर ठेवून बसवलेल्या. त्यांच्यात अगदी क्षीण वीज सोडलेली असते. ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना एकदम चाटून गेला की त्यातल्या पाण्यामधून वीज वाहते. कपडा वाळत जातो तशी ती वाहायची थांबते, आणि सर्किटला कळतं की झालं काम.

युक्ती छान आहे, पण फसतेही. दोनच मोजे टाकले तर ते पट्ट्यांना लागतच नाहीत, आणि मशीन ‘वाळले’ म्हणून पाच मिनिटांत थांबतं. जीन्सचा कपडा वाळतो, कमरेची जाड पट्टी ओलीच राहते, कारण मशीन तपासतं ते वरवरचं. चादरीच्या पोटात बाकीचे कपडे गुंडाळले गेले तरी असंच होतं. आणि फॅब्रिक कंडिशनर रोज वापरत असाल तर त्याचा पातळ थर पट्ट्यांवर चढतो, मग कपडे ओले असतानाच मशीन बंद पडू लागतं. मेकॅनिकला बोलवायच्या आधी फडक्यावर थोडं व्हिनेगर घेऊन त्या पट्ट्या पुसून पाहाव्यात. पुष्कळदा दुखणं तेवढंच असतं.

जुन्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. त्यात बिघडण्यासारखं फारसं नसतं: बेल्ट, हीटरची कॉइल, ड्रमखालची चाकं, थर्मोस्टॅट आणि जास्त तापलं तर उडणारा फ्यूज. मल्टिमीटर वापरता येणारा माणूस यातलं बहुतेक घरच्या घरी बदलू शकतो. अमेरिकेतल्या तळघरांत वीस-पंचवीस वर्षांचे ड्रायर बिनबोभाट चालू असतात ते यामुळेच. हीट पंपच्या पोटात मात्र सीलबंद गॅसची नळी, कॉम्प्रेसर, इन्व्हर्टर सर्किट, पाण्याचा पंप आणि एक मोठं कंट्रोल बोर्ड असतं. विजेचा दाब वरखाली झाला की पहिला बळी या बोर्डाचा जातो. गॅस गळला तर काम एसीच्या मेकॅनिकइतक्या कसबाचं, आणि ते करणारा ड्रायरवाला तालुक्याच्या गावी सापडेलच असं नाही. खेडच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाने मशीनच्या मॉडेलआधी सर्व्हिस सेंटरचं अंतर विचारावं, असं माझं मत आहे.

आगीचा मुद्दा मात्र नव्याच्या पारड्यात जातो. धाग्यांचा भुगा सुका आणि भुसभुशीत असतो, ठिणगीने पटकन पेट घेतो. जाळीतून निसटलेला भुगा जुन्या ड्रायरच्या पाइपात वर्षानुवर्षं साठतो, हवा तुंबते, आतलं तापमान चढतं. अमेरिकेच्या सरकारी अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळातल्या आकड्यांवरून काढलेला अंदाज असा, की घरांमध्ये ड्रायरमुळे दरवर्षी साधारण २,९०० आगी लागत होत्या. आणि सगळ्यात मोठं कारण, ३४ टक्के, वेळेवर सफाई न करणं हे होतं. हीट पंपमध्ये लाल होणारी कॉइल नाही, लांब पाइप नाही, तापमानही कमी. भुगा तिथेही असतोच, पण तो थंड कॉइलच्या ओल्या पत्र्यांवर चिकटून लगद्यासारखा बसतो. त्याने सहसा आग लागत नाही, वाळवण्याचा वेळ वाढतो. तीन तासांचे चार तास झाले की कॉइल तुंबली असं समजा. अलीकडच्या बऱ्याच मॉडेलमध्ये गॅस म्हणून प्रोपेन वापरतात. तो हवामानासाठी जुन्या गॅसपेक्षा खूपच बरा, पण ज्वलनशील. प्रमाण थोडं, दीडशे ग्रॅमच्या आत असतं आणि सीलबंद असतं, म्हणून घाबरायचं कारण नाही. फक्त स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्या नळ्यांच्या वाटेला जाऊ नये.

एक धोका जुन्या-नव्या दोन्हींत आहे आणि आपल्या घरांत तो जास्त संभवतो. मालिशच्या तेलाचे पंचे, बाळाची तेलाळलेली दुपटी, तळणाचं तेल पुसलेली फडकी. धुतल्यावरही त्यांत तेल उरतं. गरम झालेलं वनस्पती तेल हवेशी संयोग पावून स्वतःच आणखी तापत जातं, आणि असे गरम कपडे ढिगात पडून राहिले तर पेटूही शकतात. म्हणूनच शेवटची दहा मिनिटं मशीन नुसती गार हवा खेळवतं. मधेच बंद करून गरम कपड्यांचा गठ्ठा तसाच टाकून बाहेर जाऊ नये. तेलकट कापड दोरीवरच बरं.

सरकारं कुठल्या बाजूला आहेत, हे थोडक्यात. स्वित्झर्लंडने २०१२ पासून कार्यक्षमतेची अट इतकी वर नेली की तिथे नवा ड्रायर घ्यायचा तर हीट पंपचाच मिळतो. युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून तसेच नियम लागू झाले. त्याच दिवसापासून तिथली ‘ए थ्री प्लस’ वगैरे जुनी श्रेणी जाऊन साधी ए ते जी श्रेणी आली. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांनी दुकानात ‘सी’ पाहून नाक मुरडू नये, कालपर्यंत तेच मशीन चांगले तीन प्लस मिरवत असेल. अमेरिकेत मात्र अजून जुन्याच पद्धतीचं राज्य आहे, कारण तिथे वीज आणि जळणाचा गॅस तुलनेने स्वस्त आणि घरात जागा मोठी. त्यात कित्येक वसाहतींच्या नियमांत बाहेर कपडे वाळत घालायलाच मनाई असते.

मग महाराष्ट्रातल्या माणसाने काय करावं? वीज वाचते म्हणून हीट पंप, हा हिशेब एकदा कागदावर मांडू. पावसाळ्याचे चार महिने, दिवसाआड एक लोड, म्हणजे वर्षाला साठ. प्रत्येक लोडला तीनऐवजी सव्वा युनिट, म्हणजे पावणेदोन युनिटची बचत. साठ लोडचे १०५ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला १,०५० रुपये. महावितरणच्या वरच्या टप्प्यात, म्हणजे महिन्याला ३०० युनिटच्या पुढे असाल, तर आणखी काही शे रुपये. हीट पंप ड्रायरची किंमत व्हेंटेडच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असते. फरक तीस हजारांचा धरला, तर तो नुसत्या विजेतून भरून निघायला वीस वर्षांहून जास्त लागतील, आणि तोवर मशीन टिकेल का हा प्रश्न आहेच. वर्षभर आठवड्याला पाच मोठे लोड लावणाऱ्या अमेरिकी कुटुंबाचं गणित निराळं. आपल्याकडे विक्रेत्याचा ‘वीज वाचते’ हा मुद्दा खरा असूनही सगळ्यात लंगडा आहे.

खरी कारणं दुसरी आहेत. पहिलं, पाणी जातं कुठे. व्हेंटेड ड्रायर तीन लिटर पाण्याची वाफ हवेत सोडतो. पाइप नीट बाहेर काढलेला नसेल तर ही वाफ फ्लॅटमध्येच फिरते आणि आठवड्याभरात कपाटामागच्या भिंतीवर बुरशी दिसू लागते. ओल घालवायला आणलेल्या मशीनने घरभर ओल! भाड्याच्या घरात भिंतीला चार इंची भोक कोण पाडू देणार? दुसरं, हीट पंपला साधारण एक किलोवॅटच्या आतच वीज लागते, तर व्हेंटेडला गीझरसारखा १६ अँपिअरचा पॉइंट आणि त्याला साजेशी वायर हवीच. जुन्या इमारतींत हा प्रश्न किरकोळ नसतो. तिसरं, घरात एसी चालू असेल तर व्हेंटेड ड्रायर तीच गार केलेली हवा ओढून बाहेर फेकतो.

व्हेंटेड ड्रायर दमट हवेत चालतच नाही, असा एक समज आहे, तो बरोबर नाही. २८ अंश तापमानाची, ९० टक्के आर्द्रतेची जुलैतली हवा ६५ अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्याही खाली येते. पाणी उचलायची तिची ताकद भरपूर वाढते. कोरड्या हवेपेक्षा थोडा वेळ जास्त लागतो, इतकंच.

त्यामुळे ज्यांच्याकडे ड्राय बाल्कनी आहे, तिथे जाड वायरचा पॉइंट आहे आणि ड्रायर जुलै-ऑगस्टपुरताच लागतो, त्यांनी साधा व्हेंटेड घेतला तर मी त्यांना वेड्यात काढणार नाही. घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, बारा महिने रोज कपडे वाळवायचे असतील, किंवा मशीन घराच्या आतच ठेवायचं असेल, तर हीट पंप. आणि दोन्ही परवडत नसतील तर वॉशिंग मशीनचा स्पिन ८०० वरून १२०० वर न्या. पंख्याखालच्या दोरीवरसुद्धा फरक दिसेल. पिळून काढलेल्या पाण्याला वीज जवळजवळ लागत नाही, वाफ करून काढलेल्याला लागते.

हीट पंप घेतलाच, तर दोन गोष्टी पहिल्याच दिवशी सांभाळा. टेम्पोतून आणताना तो आडवा झाला असेल तर लगेच सुरू करू नका. कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर यायला तो काही तास सरळ उभा ठेवावा लागतो, किती ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आणि टाकीत जमणारं पाणी स्वच्छ दिसलं तरी इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतू नका. त्यात धाग्यांचा भुगा आणि साबणाचा अंश असतो. फरशी पुसायला ते चालेल.